आधी काय संपतंय ते बघा: नव्या शहरातला पहिला शरद

नव्या शहरात राहायला आलेल्या माणसाला सप्टेंबर लागला की ओळखीपाळखीचे लोक दोन तऱ्हेचे सल्ले देतात. काही जण ‘हे बघायलाच हवं’ अशी भली मोठी यादी धाडतात. बाकीचे म्हणतात, ‘अहो, रोजच काही ना काही चालू असतं, जा कधीही.’ यादी पाहून छाती दडपते, आणि ‘कधीही’चा अर्थ बहुधा ‘कधीच नाही’ असाच निघतो. बघता बघता नोव्हेंबर सरतो, दुपार संपायच्या आत अंधार पडायला लागतो आणि घराबाहेर पडायचं जिवावर येतं.

शरदातल्या कार्यक्रमांना तारखा असतात आणि त्या तारखांमागे कारणं असतात. कारणं ठाऊक असली की आधी कुठे जायचं, कुठलं तिकीट आजच काढायचं आणि काय खुशाल पुढे ढकलायचं, हे ठरवायला कुणाच्या यादीची गरज उरत नाही. ज्यांनी संग्रहालय शाळेच्या सहलीत पाहिलं ते पाहिलं आणि सिंफनी (वाद्यवृंदाची मोठी रचना), ऑपेरा (गाऊन सादर होणारं नाटक) हे शब्द नुसते वाचलेत, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलंय. शहर कुठलंही असो. दक्षिण गोलार्धात असाल तर सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या जागी मार्च ते मे वाचा. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचा कलामहोत्सव १९६० पासून त्याच सुमाराला भरतो.

सगळं शरदातच का सुरू होतं

युरोपात उन्हाळ्यात नाट्यगृहं बंद ठेवायची रीत जुनी आहे. सभागृहं थंड ठेवायची सोय नव्हती आणि महागडी तिकिटं काढणारी मंडळी उन्हाळाभर गावाकडच्या वाड्यांवर असायची. ती परतली की ‘सीझन’ सुरू. उकाड्याचं कारण आता उरलं नाही, पण वेळापत्रक तेच राहिलं. बहुतेक ऑर्केस्ट्रा आणि ऑपेरा कंपन्यांचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर संपतं. मिलानचं ला स्काला मात्र आपल्याच तालात चालतं: तिथला सीझन ७ डिसेंबरला, शहराच्या संत अँब्रोजच्या दिवशी उघडतो.

चित्रकारांनीही हाच ऋतू धरला. पॅरिसमध्ये १९०३ साली ‘सालों दोतोन’ म्हणजे शरदातलं प्रदर्शन सुरू झालं आणि १९०५ साली तिथेच मातिस, देरँ वगैरेंच्या भडक रंगांनी समीक्षकांना चक्रावून टाकलं. जपानमध्ये ३ नोव्हेंबर हा संस्कृती दिन, सार्वजनिक सुट्टीचा. म्हणजे तुम्ही गोंधळून गेलात यात तुमचा दोष नाही. सगळ्यांनी मिळून सगळं याच दोन-अडीच महिन्यांत कोंबलेलं असतं.

पहिली पायरी: तीन रकाने

एक कागद घ्या आणि तीन रकाने आखा: संपत आलेलं, एकदाच होणारं, आणि आता सुरू होणारं. दोन-तीन मोठी संग्रहालयं, एक ऑर्केस्ट्रा, एक-दोन नाट्यगृहं आणि महापालिकेचं कार्यक्रमपत्रक एवढं चाळलं तरी रकाने भरतात. नवखा माणूस तिसऱ्या रकान्याकडे आधी धावतो, कारण रस्त्यावरच्या जाहिराती त्याच्याच असतात. तुम्ही पहिल्यापासून सुरुवात करा.

उन्हाळ्यात लागलेली मोठी प्रदर्शनं सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात. १८९५ पासून भरणारं व्हेनिसचं बिएनाले हे भलंमोठं कलाप्रदर्शन नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आवरतं. लंडनच्या ग्लोब नाट्यगृहातला उघड्या आभाळाखालचा हंगाम ऑक्टोबरात संपतो. मोठ्या प्रदर्शनातल्या वस्तू ठिकठिकाणांहून उसन्या आणलेल्या असतात. ते उतरलं की त्या आपापल्या घरी जातात आणि पुन्हा एका छताखाली सहसा येत नाहीत.

त्यातही कागदावरचं काम असेल तर ते सगळ्यात वर लिहा. जलरंग, रेखाटनं, जुनी छायाचित्रं, कापड या सगळ्यांना उजेड बाधतो, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. म्हणून अशा दालनांत उजेड साधारण ५० लक्सवर (लक्स हे उजेड मोजायचं एकक) ठेवतात (आत शिरल्यावर ‘इथले दिवे गेलेत का?’ असं वाटतं ते यामुळेच) आणि काही आठवड्यांनी वस्तू पुन्हा अंधारात जातात. व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयाची शान म्हणजे जर्मन चित्रकार ड्यूररने १५०२ साली जलरंगात काढलेला ससा. पण तो मूळ रूपात अधूनमधूनच बाहेर येतो, तोही थोड्या काळासाठी. एरवी लोकांना प्रतिकृतीवर समाधान मानावं लागतं. तैलचित्र भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेलं राहतं, ते जानेवारीतही तिथेच असेल.

याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण जपानच्या नारा शहरात सापडतं. तिथल्या तोदाइजी मंदिराचं शोसोइन नावाचं लाकडी कोठार आहे. सम्राट शोमू वारल्यावर ७५६ साली सम्राज्ञीने त्याच्या वस्तू बुद्धाला अर्पण केल्या, त्या या कोठारात ठेवल्या गेल्या. वाद्यं, आरसे, कापडं, कागदपत्रं, औषधं असा नऊ हजारांच्या आसपास वस्तूंचा हा संग्रह बाराशेहून अधिक वर्षं टिकला. वस्तू आता शेजारच्या आधुनिक कोठारांत असतात आणि दारांवर मोहर असते. ती मोहर वर्षातून एकदा, शरदात काढतात, कारण तेव्हा हवा कोरडी असते आणि वस्तूंना दमट हवेचा त्रास होत नाही. तपासणी होते, त्यातल्या थोड्या वस्तू नाराच्या राष्ट्रीय संग्रहालयात दोन-अडीच आठवडे मांडतात आणि मग पुन्हा बंद. १९४६ पासून हे प्रदर्शन भरतंय, दर वर्षी वस्तू वेगळ्या. या वर्षी मांडलेली वीणा हुकली तर ती पुन्हा कधी बाहेर येईल ते सांगता येत नाही. तुमच्या शहरात इतकं कडक काही नसेल. पण ‘हे आत्ताच का दाखवताहेत?’ हा प्रश्न कुठल्याही प्रदर्शनाला विचारण्यासारखा आहे.

दुसऱ्या रकान्यात एक-दोन दिवसांचे कार्यक्रम येतात. एरवी बंद असणाऱ्या वास्तू लोकांसाठी उघडायची चाल फ्रान्सने १९८४ साली पाडली. आता युरोपभर सप्टेंबरात ‘वारसा दिवस’ होतात आणि पॅरिसमध्ये राष्ट्राध्यक्षांचा एलिझे प्रासादसुद्धा सामान्य माणसाला आतून बघता येतो. लंडनमध्ये १९९२ पासून सप्टेंबरात ‘ओपन हाउस’ होतं, न्यूयॉर्क आणि शिकागोत ऑक्टोबरात. व्हिएन्नात ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी संग्रहालयं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. मात्र गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबू नका. पॅरिसची ‘न्युई ब्लांश’ ही कलेची जागती रात्र २००२ मध्ये ऑक्टोबरात सुरू झाली, आता ती जूनमध्ये होते.

नवख्याने पहिल्या वर्षी एकच गोष्ट करायची असेल तर मी वास्तूंच्या या खुल्या दिवसांचं नाव घेईन. तिथे कलेतलं काही कळावं लागत नाही, बहुतेक ठिकाणी पैसे लागत नाहीत, आणि एका दिवसात शहराचा नकाशा डोक्यात बसतो. एका दिवसात तीन वास्तू, त्याहून जास्त नको. वेळ रांगेत जातो.

तिसऱ्या रकान्यातलं नुकतंच उघडलेलं मोठं प्रदर्शन पहिल्या दोन आठवड्यांत टाळा. शेवटच्या आठवड्यातही गर्दी लोटते. मधल्या काळात, आठवड्याच्या मधल्या दिवशी, उघडल्या उघडल्या किंवा बंद व्हायच्या दोन तास आधी गेलात तर चित्रासमोर उभं राहायला जागा मिळते.

दुसरी पायरी: अंधाराचा हिशोब

शरदसंपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे होतात त्या २२-२३ सप्टेंबरच्या आसपास दिवस वर्षात सगळ्यात वेगाने लहान होतो. लंडनच्या अक्षांशावर हा वेग रोज जवळपास चार मिनिटांचा असतो, म्हणजे महिन्यात दोन तासांच्या आसपास. त्यात घड्याळं मागे जातात: युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. सप्टेंबरात संध्याकाळी सातला मावळणारा लंडनचा सूर्य नोव्हेंबर उजाडला की साडेचारच्या सुमाराला मावळतो. पहिल्या वर्षी हे अंगावर येतं.

तेव्हा उघड्यावरचं सगळं आधी उरकून घ्या: वास्तू बघत फिरणं, बागेतली शिल्पं, जुन्या वस्तीतली पायपीट, उघड्या रंगमंचावरचं नाटक. छपराखालचं नोव्हेंबरसाठी ठेवा. इमारती बघायला तर हा ऋतू उत्तमच. सूर्य खाली असतो, उजेड तिरपा पडतो आणि दगडातल्या कोरीवकामाच्या सावल्या लांबतात. उन्हाळ्याच्या भर दुपारी जी भिंत सपाट दिसते, तिच्यावरची वेलबुट्टी ऑक्टोबरातल्या चारच्या उन्हात उठून येते. पश्चिमेकडे तोंड असलेल्या इमारती दुपारनंतर बघा, पूर्वेकडच्या सकाळी. उत्तर गोलार्धात उत्तरमुखी दर्शनी भागावर या दिवसांत ऊन जवळपास येतच नाही, तिथे ढगाळ दिवस बरा.

पानांचे रंगही याच वेळापत्रकात बसवा. दिवस लहान झाला की पानातलं हरितद्रव्य कमी होतं आणि आधीपासून असलेला पिवळा रंग दिसू लागतो. लाल रंग मात्र पान त्या दिवसांत नव्याने तयार करतं आणि त्याला स्वच्छ ऊन आणि थंड, पण न गोठवणाऱ्या रात्री लागतात. म्हणून लालीचा भरवसा नाही, पिवळ्याचा आहे. एका जोरदार वादळी पावसात सगळं खाली येतं, त्यामुळे ‘पुढच्या रविवारी जाऊ’ हे वाक्य इथे चालत नाही.

तिसरी पायरी: तिकिटं

संग्रहालयाचा कायमचा संग्रह आणि तात्पुरतं प्रदर्शन यांची तिकिटं बऱ्याच ठिकाणी वेगळी असतात. लंडनच्या मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांत कायमचा संग्रह फुकट, खास प्रदर्शनाला मात्र तिकीट. तिकिटावर आत जायची वेळ लिहिलेली असते. त्या वेळेला आत जायचं असतं, बाहेर कधी पडायचं ते तुमच्या मर्जीवर. साप्ताहिक सुट्टी आवर्जून तपासा. पॅरिसमध्ये लुव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं आणि ओर्से संग्रहालय सोमवारी, आणि अशी दारापर्यंत जाऊन परतणारी माणसं दर आठवड्याला दिसतात. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं असेल तर तीच वेळ धरा; पोरांच्या सहली नसतात आणि दिवसभर फिरून दमलेले पर्यटक जेवायला गेलेले असतात.

संगीताच्या सभागृहात महाग जागा म्हणजे चांगली जागा असं नसतं. वरच्या मजल्यावरच्या स्वस्त खुर्चीत वाद्यांचा मेळ बऱ्याचदा जास्त छान ऐकू येतो. पहिल्या रांगेत बसलात तर व्हायोलिनवाल्यांचे बूट दिसतात आणि मागची पितळी वाद्यं कोण वाजवतंय याचा पत्ता लागत नाही. काही सभागृहांत वादकांच्या मागेही खुर्च्या असतात. हान्स शारून यांनी बांधलेल्या बर्लिनच्या फिलहार्मोनीत (१९६३) तर श्रोते चारही बाजूंनी बसतात. अशी जागा मिळाली तर नवख्याने जरूर घ्यावी. कंडक्टरचा, म्हणजे हातांच्या इशाऱ्यांनी वाद्यवृंद चालवणाऱ्याचा, चेहरा समोर दिसतो, कुठल्या वाद्याला तो केव्हा खुणावतो ते कळतं आणि संगीत समजायला याहून सोपा मार्ग नाही.

तिकिटं संपली असली तरी हातपाय गाळू नका. आदल्या दिवशी आणि त्याच दिवशी परत आलेली तिकिटं पुन्हा विक्रीला येतात. कार्यक्रमाच्या तासभर आधी खिडकीपाशी उभं राहणाऱ्या एकट्या माणसाला बरेचदा जागा मिळून जाते. जोडप्याला मिळेलच असं नाही. व्हिएन्नाच्या ऑपेरात उभं राहून बघायच्या स्वस्त जागा आहेत. कठड्याला मफलर बांधून आपली जागा धरायची आणि निर्धास्तपणे फिरून यायचं, ही तिथल्या जाणत्यांची जुनी रीत. ‘दृश्य अंशतः झाकलेलं’ असं लिहिलेली खुर्ची संगीतासाठी घ्या, नृत्यासाठी अजिबात नको.

वर्षभराचं सभासदत्व पहिल्या शरदात घेऊ नका. आपल्याला काय आवडतं हेच अजून माहीत नसतं, आणि पैसे वसूल करायच्या नादात नको तिथे जाणं होतं.

चौथी पायरी: संग्रहालयात पाय का दुखतात

बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातल्या बेंजामिन आयव्ह्ज गिलमन यांनी १९१६ साली संग्रहालयातल्या थकव्यावर एक लेख लिहिला. त्यांनी एका माणसाला काचपेट्यांमधल्या वस्तू नीट बघायला लावल्या आणि त्याचे फोटो काढले. प्रत्येक फोटोत तो कुठे कमरेत वाकलाय, कुठे मान वाकडी करतोय, कुठे टाचा उंचावतोय. दमायला होतं त्यात मांडणीचाही दोष आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. मांडणी आज पुष्कळ सुधारली आहे, पण सलग दोन-तीन तास संथ पावलांनी फरशीवर चालणं आणि शेकडो वस्तूंकडे लक्ष देणं आजही दमवतंच. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात हे मोजलं गेलं, त्याचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले: मध्यक (निम्मे याहून कमी, निम्मे जास्त) निघाला १७ सेकंद, आणि त्यातच शेजारचा फलक वाचणंही आलं.

यावर माझा उपाय साधा आहे. नकाशा घ्या, दोन दालनं निवडा, बाकीची सोडून द्या. दालनात आधी एक भरभर फेरी मारा, कुठेही न थांबता. जिथे मान आपोआप वळली ते एक चित्र धरा आणि तिथे दहा मिनिटं घालवा. जवळ बाक असेल तर फारच छान.

दहा मिनिटं करायचं काय? फलक वाचू नका अजून. आधी चित्रातला उजेड कुठून येतोय ते शोधा. खिडकी दिसते का, की ती चौकटीबाहेर आहे? सावल्या त्या उजेडाला धरून पडल्या आहेत का? मग माणसांचे हात बघा. चेहरे सगळेच बघतात. हातात काय आहे, कुठला हात लपवलाय, कोण कुणाला खुणावतंय. मग सुरक्षारक्षक हरकत घेणार नाही इतपत जवळ जा आणि थोडं बाजूने, तिरपं बघा. तैलचित्र असेल तर रंगाचे थर दिसतात: काळ्या भागावर पातळ हात फिरवलेला, आणि मोत्यावर किंवा बाहीच्या जरीवर रंगाचा एक जाड ठिपका, भिंतीवर चुन्याचा थेंब वाळावा तसा उठलेला. चार पावलं मागे आलात की तोच ठिपका चमक होऊन जातो. जुन्या रंगातल्या बारीक तडाही दिसतील. आता फलक वाचा. चित्राचं नाव आणि साल कळल्यावर तुम्ही मघाशी पाहिलेल्या कुठल्या गोष्टींचा उलगडा होतो आणि कुठल्या तशाच राहतात, ते बघा.

बाकी नियम किरकोळ आहेत. पाठीवरची पिशवी सामानघरात ठेवा किंवा पोटावर घ्या. फ्लॅश बंद. चित्र काढायचं असेल तर पेन्सिल न्या, शाईचं पेन बहुतेक ठिकाणी चालत नाही. संग्रहालयातर्फे फुकट फेरी असते, तिच्यात सामील व्हायला लाजू नका. पण कानाला लावायच्या यंत्रातलं सगळं ऐकत बसू नका. ते दर तिसऱ्या चित्रापाशी थांबवतं आणि तुमचे पाय त्याच्या वेळापत्रकावर चालू लागतात.

पाचवी पायरी: पहिली सिंफनी

आपल्याकडच्या मैफलीत वाढलेल्या माणसाची पाश्चात्त्य संगीताच्या सभागृहात पहिल्यांदा कुचंबणा होते. समेवर मान डोलावणं, ‘क्या बात है’ निघून जाणं ही आपली सवय. तिथे दीड-दोन हजार माणसं खोकलासुद्धा दाबून बसलेली. टाळी कधी वाजवायची याचीच धास्ती.

ही शांतता फार जुनी नाही. मोझार्टने जुलै १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलं. त्यात तो आनंदाने सांगतो, की नव्या सिंफनीच्या पहिल्याच भागात लोकांना आवडेल अशी एक जागा मुद्दाम ठेवली होती आणि ती येताच भर वादनात टाळ्यांचा कडकडाट झाला. कार्यक्रम संपल्यावर खुशीत त्याने जाऊन आइसक्रीम खाल्लं, हेही लिहिलंय. बेथोव्हनच्या सातव्या सिंफनीचा पहिला प्रयोग १८१३ साली व्हिएन्नात झाला तेव्हा लोकांनी दुसरा भाग तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावला. पूर्ण रचना संपेपर्यंत गप्प बसायचा दंडक विसाव्या शतकात पक्का झाला. त्यामुळे तुमच्या हातून मध्येच टाळी वाजली तर ओशाळायचं कारण नाही, मोझार्ट खूश झाला असता.

तरीही आजची रीत पाळायची असेल तर कार्यक्रमपत्रिका बघा. प्रत्येक रचनेखाली तिचे भाग छापलेले असतात. सिंफनीचे सहसा चार, कन्चेर्तोचे (एकल वादक आणि वाद्यवृंद यांची रचना) तीन. ते मोजत राहा. मोजदाद चुकली तर कंडक्टरचे हात बघा. भाग संपला तरी हात वरच असतील तर रचना संपलेली नाही. हात खाली आले, तो वळला, आणि शेजारच्यांनी सुरुवात केली, की मग मनसोक्त वाजवा.

सुरुवातीला ऑर्केस्ट्रा सूर लावतो तेव्हा लक्ष द्या. ओबो नावाचं बारीक, जरा अनुनासिक आवाजाचं वाद्य एक स्वर धरतं, साधारण ४४० हर्ट्झचा, काही ठिकाणी किंचित चढा. मग त्या स्वराला सगळे येऊन मिळतात. आपल्या तानपुऱ्यावर पोसलेल्या कानाला हे अर्धं मिनिट घरचं वाटतं.

पहिल्यांदा जाताना असा कार्यक्रम निवडा ज्यात पूर्वार्धात कन्चेर्तो आहे. एक वादक पुढे आणि मागे अख्खा वाद्यवृंद अशी रचना असल्याने लक्ष ठेवायला एक माणूस मिळतो. उत्तरार्धातली सिंफनी आठवडाभर आधी एकदा-दोनदा ऐकून जा. सगळी नाही जमली तर निदान पहिला भाग. कानावरून गेलेली धून सभागृहात भेटली की जिवाला बरं वाटतं. अनोळखी रचनेत चाळीस मिनिटं मन रमवणं मुरलेल्या श्रोत्यांनाही जड जातं, ते कबूल करत नाहीत इतकंच.

उशीर करू नका. दारं लागली की पहिली रचना संपेपर्यंत बाहेरच उभं राहावं लागतं, आणि ही रचना कधी कधी मध्यंतरापर्यंत चालते. घशासाठी गोळी जवळ असू द्या, पण तिचा कागद आधीच काढून ठेवा.

सहावी पायरी: न कळणारी भाषा

नाटक, ऑपेरा आणि सिनेमा यांत भाषेचा अडसर येतो असं वाटतं. ऑपेराचा प्रश्न बराचसा सुटलाय. टोरोंटोच्या कॅनेडियन ऑपेरा कंपनीने जानेवारी १९८३ मध्ये ‘एलेक्ट्रा’ या ऑपेराच्या वेळी रंगमंचावर भाषांतराची पट्टी दाखवली आणि काही वर्षांत ती सर्वत्र झाली. तिकीट काढताना एवढंच बघा की पट्टी कुठे आहे. वर असेल तर पुढच्या रांगांत मान अवघडते आणि एकदा पट्टी, एकदा गायक असा खेळ होतो. गोष्ट आधी वाचून जा, शेवटासकट. ऑपेरात शेवट माहीत असल्याने काही बिघडत नाही. नायिका मरणार हे घरी कळलं तर सभागृहात ती कशी गाते तिकडे लक्ष जातं.

नाटकाला मात्र भाषा लागतेच. ती कच्ची असेल तर नाटक वाचून जा, किंवा पहिल्या वर्षी नृत्य बघा.

शरद हा चित्रपट महोत्सवांचाही काळ: व्हेनिस, टोरोंटो, न्यूयॉर्क, लंडन ओळीने येतात. तिथे नवखे लोक नामांकित सिनेमासाठी तासन्‌तास रांग लावतात, जो पुढच्या काही महिन्यांत साध्या चित्रपटगृहात लागणार असतो. त्यापेक्षा छोट्या देशाचा, अनोळखी दिग्दर्शकाचा सिनेमा घ्या. तो परत कुठे दिसेल सांगता येत नाही, तिकीट सहज मिळतं आणि खेळानंतर दिग्दर्शक स्वतः प्रश्नोत्तरांना थांबलेला असतो. पहिल्या रकान्याचा नियम इथेही लागू.

सातवी पायरी: फुकट दारं

खासगी कलादालनात शिरायला माणूस घाबरतो. काचेचं दार, आत पांढऱ्या भिंती, टेबलाशी एक जण मान खाली घालून बसलेला. त्याला वाटतं तितकं तुमच्याकडे लक्ष नसतं. ‘नमस्कार’ म्हणा, फिरा, किंमतपत्रक मागितलंत तरी चालतं, विकत घ्यायची सक्ती कुणी करत नाही. एका वस्तीतली चार-पाच दालनं दुपारभरात होतात.

संगीत महाविद्यालयांत शरदातलं सत्र सुरू झालं की विद्यार्थ्यांचे कार्यक्रम लागतात, बहुधा फुकट किंवा नाममात्र पैशांत. जुन्या चर्चमध्ये दुपारच्या सुट्टीत तासाभराच्या मैफली होतात. ज्याला सिंफनीची धास्ती वाटते त्याने इथून सुरुवात करावी: एक पियानो, एखादी गायिका, पन्नास श्रोते. ग्रंथालयातली व्याख्यानं याच यादीत.

सोबत, कपडे, आणि पुढच्या वर्षाची तयारी

लहान मूल बरोबर असेल तर पाऊण तास, त्याहून जास्त नाही, आणि ‘या दालनात कुत्री किती ते मोज’ यासारखं काम त्याला द्या. वडीलधारी माणसं असतील तर संग्रहालयाच्या दारातच चाकाची खुर्ची मागून घ्या; मागितली की मिळते, न मागता कुणी विचारत नाही. ओपन हाउसच्या रांगा त्यांच्यासाठी नव्हेत. संगीताला एकट्याने जाणं सगळ्यात सोयीचं.

कपड्यांची काळजी करू नका. काही खास उद्‌घाटनाच्या रात्री सोडल्या तर नीटनेटकं असलं की पुरतं. थर मात्र हवेत: बाहेर बोचरी हवा, आत उकडतं. ओला कोट आणि छत्री मांडीवर घेऊन बसण्यापेक्षा सामानघरात द्या, आणि कार्यक्रम संपल्यावरची रांग टाळायची असेल तर शेवटची बस किती वाजता आहे ते आधी बघून ठेवा. घड्याळं मागे गेल्यावर संग्रहालयांच्या हिवाळी वेळाही लागू होतात, तेव्हा ऑक्टोबरअखेर सगळ्या वेळा पुन्हा एकदा तपासा.

आणि कागद फेकू नका. या वर्षी काय हुकलं त्यावर खूण करून ठेवा, शेजारी त्याची नोंदणी केव्हा सुरू झाली होती ते लिहा. वास्तूंच्या खुल्या दिवसांतल्या सगळ्यात हव्याहव्याशा जागा सोडतीने किंवा आगाऊ नोंदणीने जातात आणि त्यांची यादी उन्हाळ्यातच लागते. सीझनची तिकिटं तर त्याहूनही आधी, वसंतात विकायला निघतात. फोनच्या दिनदर्शिकेत पुढच्या वर्षीच्या एप्रिलच्या आणि जुलैच्या पहिल्या तारखेला आठवण लावून टाका.